अपवादांची यादी छापण्यापेक्षा सोडियमचे अकरा आकडे छापा

प्रति,
मा. संपादक महोदय,

स.न.वि.वि.

तुमच्या पेपरच्या करिअर पानावर सीईटीवाल्यांसाठी केमिस्ट्रीच्या झटपट ट्रिक्सची चौकट आली होती, त्याबद्दल लिहितेय. पत्र जरा लांबणार आहे, कापायचं असेल तर कापा, पण आकडे कापू नका. मी मानेवाड्याकडे अकरावी-बारावीच्या केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेते आणि तुमची ती चौकट माझ्याकडच्या निम्म्या पोरांच्या वहीत कापून चिकटवलेली आहे. त्यात आयोनायझेशन एनर्जीखाली (म्हणजे अणूतून इलेक्ट्रॉन काढायला लागणारी ऊर्जा) एवढंच लिहिलंय की आवर्त सारणीत डावीकडून उजवीकडे वाढते, वरून खाली कमी होते, अपवाद बोरॉन, ऑक्सिजन, ॲल्युमिनियम, सल्फर, लक्षात ठेवा. आणि बाजूच्याच चौकटीत तिरक्या बाणांची ती आकृती, इलेक्ट्रॉन कोणत्या क्रमाने भरायचे त्याची, तीही लक्षात ठेवा. या दोन चौकटींचा एकमेकींशी काही संबंध आहे हे त्या पानावर कुठेच नाही, आणि माझं सगळं भांडण तेवढ्यासाठीच आहे.

कारण अणूत इलेक्ट्रॉन थराथराने बसलेत हे कोणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आपण सोडियमचं कॉन्फिगरेशन १एस२ २एस२ २पी६ ३एस१ (पहिला आकडा थर, अक्षर त्या थरातला कप्पा, शेवटचा आकडा त्यातले इलेक्ट्रॉन) असं बिनधास्त लिहितो ते ज्या मोजलेल्या गोष्टींच्या जोरावर, त्यात हे आयोनायझेशन एनर्जीचे आकडे फार वरच्या नंबरावर येतात. पोरं मात्र उलटं शिकतात, आधी बाण पाठ, मग त्या बाणांवरून आकडे "एक्स्प्लेन" करायचे, मग जे बसत नाहीत त्यांना अपवाद म्हणायचं. एक पोट्टा मला सरळ म्हणाला, मॅडम हे बाण खरे आहेत हे कशावरून, आणि खरे असतील तर अपवाद काहून आहेत? मला तर हा प्रश्न बोर्डाच्या कुठल्याही प्रश्नापेक्षा भारी वाटला.

आता सोडियमच घ्या. वायुरूपातला सुटा अणू, त्याच्यातून एक इलेक्ट्रॉन काढायला किती ऊर्जा लागते, मग उरलेल्या आयनातून, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूतून, दुसरा काढायला किती, मग तिसरा, असं करत अकराच्या अकरा. आकडे किलोज्यूल प्रति मोलमध्ये असे आहेत: ४९६, ४५६२, ६९१०, ९५४३, १३३५४, १६६१३, २०११७, २५४९६, २८९३२, १४१३६२, १५९०७६. प्रत्येक पुढचा आकडा मागच्यापेक्षा मोठाच असणार यात काही नवल नाही, केंद्रातले प्रोटॉन अकराचे अकराच राहतात आणि त्यांच्या ओढीत वाटेकरी कमी कमी होत जातात, शिवाय एकमेकांना ढकलणारे इलेक्ट्रॉनही घटतात. नवल आहे ते कुठे किती वाढतं त्यात.

हे मी पोरांना भिंतीवर करायला लावते. एक सेंटीमीटरला हजार किलोज्यूल धरायचे, चार्ट पेपर एकावर एक टेपने चिकटवायचे आणि फरशीपासून मोजत ठिपके द्यायचे. पहिला ठिपका अर्ध्या सेंटीमीटरवर येतो, म्हणजे फरशीच्या पट्टीतच, तो दिसतही नाही नीट. दुसरा एकदम साडेचार सेंटीमीटरवर. मग हळूहळू चढत चढत नववा एकोणतीस सेंटीमीटरच्या जवळ, म्हणजे गुडघ्याच्याही खाली. आणि दहावा कुठे, तर एकशे एकेचाळीसवर! दोन पोरी खाली बसून ठिपके देत असतात त्यांना तिथे उठून उभं राहावं लागतं. अकरावा एकशे एकोणसाठवर, तो द्यायला बुटक्या पोट्ट्याला हात वर करावा लागतो. मग मी फक्त विचारते, खालून किती गट दिसतात? एक, मग आठ, मग दोन. हे कोणीही सांगतं, ज्याला एस-पी-डी-एफ अजून नीट येत नाही तोही सांगतो. बाहेरून आत मोजलं की एक-आठ-दोन, म्हणजे आतून बाहेर दोन-आठ-एक, आणि हेच सोडियमचं दहावीत पाठ केलेलं संरूपण. फक्त यावेळी ते कुणी सांगितलं म्हणून नाही तर भिंतीवर दिसतंय म्हणून.

खरी गंमत मधल्या आठात आहे आणि ती कोणी शिकवतच नाही. शेजारशेजारच्या आकड्यांची वजाबाकी करा. दुसऱ्यापासून तिसऱ्यापर्यंत वाढ २३४८, पुढे २६३३, मग एकदम ३८११, मग परत कमी होऊन ३२५९, मग ३५०४, मग उडी ५३७९, मग पुन्हा ३४३६. म्हणजे आठ जण सारखे नाहीत, त्यांच्यातही तीन, तीन आणि दोन असे तुकडे पडलेत. शेवटचे दोन २एस मधले, ते जास्त घट्ट. आधीचे सहा २पी मधले. आणि सहाचे तीन-तीन काहून? तर पी च्या कप्प्यात तीन ऑर्बिटल, म्हणजे प्रत्येकी दोघांच्या तीन जागा, त्यांत सहा जण म्हणजे जोड्या, पहिले तीन काढताना तुम्ही जोडीतला एकेक काढता, जोडीदार ढकलतच असतो म्हणून ते त्यातल्या त्यात सोपं जातं, नंतरचे तीन आपापल्या ऑर्बिटलमध्ये एकटे असतात, त्यांना ढकलणारा जोडीदार नाही.

आता तुमच्या चौकटीतले अपवाद बघा. नायट्रोजनची पहिली आयोनायझेशन एनर्जी १४०२ आणि ऑक्सिजनची १३१४, वाढायला पाहिजे तिथे कमी झाली, म्हणून अपवाद. बेरिलियम ८९९ आणि बोरॉन ८०१, परत अपवाद. पण सोडियममधून तीन इलेक्ट्रॉन काढले की उरतात आठ, म्हणजे ऑक्सिजनएवढे, आणखी एक काढला की सात, नायट्रोजनएवढे, आणि ३८११ ची ती उंच पायरी बरोब्बर तिथेच आहे. सहा काढले की उरतात पाच, बोरॉनएवढे, सातवा काढला की चार, बेरिलियमएवढे, आणि ५३७९ ची उडी तिथे. म्हणजे आवर्त सारणीत आडवं चालताना जे दोन खड्डे लागतात तेच दोन एकट्या सोडियमच्या ओळीत दोन उंच पायऱ्या होऊन समोर येतात. मग त्याला अपवाद कसं म्हणायचं हो? थराच्या पोटात एस आणि पी असे कप्पे आहेत याचा तो आपल्याकडचा पुरावा आहे. ते खड्डे नसते तर उलट आपण अडचणीत आलो असतो. मॅग्नेशियम ७३८ आणि ॲल्युमिनियम ५७८, फॉस्फरस १०१२ आणि सल्फर १०००, खालच्या ओळीतही तीच कथा, चार नावं वेगवेगळी पाठ करायची काही गरज नाही.

इथे "हाफ फिल्ड स्टेबल असतं" (अर्धा भरलेला कप्पा स्थिर असतो) हे वाक्यही मला खटकतं. वाक्य चूक नाही, पण पोरं ते मंत्रासारखं कुठेही टाकतात. स्टेबल म्हणजे कशाच्या तुलनेत, काय झालं म्हणून, विचारलं की गप्प. ऑक्सिजनच्या चौथ्या पी इलेक्ट्रॉनला कोणाच्या तरी ऑर्बिटलमध्ये घुसून जोडी करावी लागते आणि ते ढकलणं महागात पडतं, असं एकाने साध्या भाषेत लिहिलं तर मी त्याला पूर्ण मार्क देईन. एक्स्चेंज एनर्जी नावाचं आणखी एक कारण असतं, ते पुढे बीएस्सीत बघू.

अकराव्या इलेक्ट्रॉनबद्दल एक सांगायचं राहिलं. सोडियमचे दहा काढल्यावर एकच उरतो, म्हणजे तो झाला हायड्रोजनसारखाच, फक्त केंद्रात एकाऐवजी अकरा प्रोटॉन. भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरने १९१३ साली जे गणित मांडलं त्यानुसार अशा एकट्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा प्रोटॉनच्या संख्येच्या वर्गाने वाढते. हायड्रोजनची १३१२. आता मोबाईलवरच करा, अकरा गुणिले अकरा गुणिले १३१२, येतं १५८७५२. तक्त्यातला आकडा १५९०७६, फरक अर्ध्या टक्क्याचाही नाही. हीलियमचा दुसरा ५२५०, चार गुणिले १३१२ म्हणजे ५२४८. लिथियमचा तिसरा ११८१५, नऊ गुणिले १३१२ म्हणजे ११८०८. ज्या पोट्ट्याने मला बाणांवरून प्रश्न विचारला होता त्याने हे गुणाकार केले आणि मग पुढे कार्बनचा सहावा आकडाही स्वतःच शोधून काढला, त्याला सांगावं लागलं नाही. ट्रिकची चौकट वाचून असं होत नाही.

ट्रिकचा तोटा काय होतो तेही सांगते. एका सराव संचात प्रश्न होता, एका मूलद्रव्याच्या ओळीने आयोनायझेशन एनर्जी १०१२, १९०७, २९१४, ४९६४, तर ग्रुप (आवर्त सारणीतला उभा रकाना) कोणता. चारच आकडे दिलेले. पोरांची ट्रिक अशी की उडी कुठे ते बघा, तिसऱ्यानंतर मोठी वाढ आहे, म्हणजे बाहेर तीन इलेक्ट्रॉन, म्हणजे ग्रुप तेरा. उत्तरपत्रिकेतही तेराच छापलेलं! पण हा तर फॉस्फरस आहे, ग्रुप पंधरा. पुढचे दोन आकडे ६२७४ आणि २१२६७, खरी उडी तिथे आहे, पाचव्यानंतर. तिसऱ्यानंतरची वाढ म्हणजे ३पी संपून ३एस सुरू झाल्याची, थर तोच आहे. ओळखायचं कसं, तर वजाबाकीच्या सोबत भागाकारही करा. ४९६४ भागिले २९१४ म्हणजे जेमतेम १.७ पट. २१२६७ भागिले ६२७४ म्हणजे ३.४ पट. ॲल्युमिनियममध्ये, जो खरंच ग्रुप तेराचा आहे, त्यात २७४५ वरून एकदम ११५७७, चार पटीच्या वर. थर बदलला की पट बदलते, कप्पा बदलला की नुसती पायरी लागते. हे एकदा हाताने केलं की कोणी फसत नाही, पण हाताने करायला वेळ कोणाला आहे, दीड तासात फिजिक्स-केमिस्ट्रीचे शंभर प्रश्न सोडवायचे म्हटल्यावर क्लासवाले ट्रिकच देणार आणि तुम्ही ट्रिकच छापणार, तेही समजतं मला.

पण एक गोष्ट त्या चौकटीत सरळ चुकीची आहे आणि ती तेवढी दुरुस्त करा. "सोडियमला ऑक्टेट पूर्ण करायचं असतं म्हणून तो एक इलेक्ट्रॉन सहज देतो." ऑक्टेट म्हणजे बाहेरच्या थरात आठ इलेक्ट्रॉन. पण सहज कुठे देतो? ४९६ किलोज्यूल घेतल्याशिवाय देत नाही. वायुरूपातल्या क्लोरीनने तो इलेक्ट्रॉन घेतला तर ३४९ किलोज्यूल सुटतात, म्हणजे या व्यवहारात अजून १४७ चा खड्डाच आहे. तो भरून निघतो तो सोडियम आणि क्लोराइड आयन मिठाच्या स्फटिकात शेजारी शेजारी येऊन बसतात तेव्हा, तिथे ७८७ च्या आसपास सुटतात. हा हिशोब कळला की सोडियम डायक्लोराइड काहून बनत नाही हेही कळतं, दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ लागतात आणि असा स्फटिक बनला तरी एवढं परत करणार नाही. मॅग्नेशियमला दुसऱ्यासाठी १४५१ च लागतात, ते मॅग्नेशियम क्लोराइडच्या स्फटिकातून सहज वसूल होतात, कारण तिथे अडीच हजाराच्या आसपास सुटतात, पण तिसऱ्याला ७७३३ लागतात आणि तिथे गाडी थांबते. अणूला काही करायचं बिरायचं नसतं. संयुगाचं सूत्र काय असणार हे या आकड्यांच्या हिशोबावर ठरतं, ऑक्टेटच्या इच्छेवर नाही.

आणि नागपूरच्या पोरांना तर यातलं एक उदाहरण घरचंच आहे, ते कोणी वापरत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. काटोल रोडवर मॉईलचं, म्हणजे मँगनीज काढणाऱ्या सरकारी कंपनीचं, ऑफिस आहे, मनसर, गुमगाव, तिकडे भंडाऱ्यात चिखला, डोंगरी बुजुर्ग, मँगनीजच्या खाणी म्हणजे आपल्या दाराशीच. आवर्त सारणीत मँगनीजचा शेजारी लोखंड. मँगनीजचे पहिले तीन आकडे ७१७, १५०९, ३२४८. लोखंडाचे ७६३, १५६२, २९५७. पहिल्या दोन्हीत लोखंड महाग आणि तिसऱ्यात एकदम स्वस्त! कारण दोन इलेक्ट्रॉन काढले की मँगनीजकडे ३डी५ उरतं, पाचही जण एकेकटे, आणि लोखंडाकडे ३डी६, म्हणजे एक जोडी, तीच ऑक्सिजनवाली गोष्ट. म्हणून लोखंड प्लस दोनवरून (दोन इलेक्ट्रॉन गेलेले) प्लस तीनवर (तीन गेलेले) त्यामानाने पटकन जातं, फेरस सल्फेटचं फिकट हिरवं सोल्युशन लॅबमध्ये नुसतं उघडं ठेवलं तरी पिवळट-तपकिरी व्हायला लागतं, आणि मँगनीज सल्फेटचं फिकट गुलाबी आहे तसं राहतं. पूर्ण कारण फक्त आयोनायझेशन एनर्जी नाही, पाण्यातल्या आयनांचाही हिशोब असतो, पण सुरुवात इथूनच करावी लागते.

इथेच ते बाणही पोरांना दगा देतात. बाणाप्रमाणे ४एस आधी भरतं आणि ३डी नंतर, मग पोरं म्हणतात की शेवटी गेलेला आधी बाहेर येणार, म्हणजे फेरस आयन (प्लस दोनवालं लोखंड) ३डी४ ४एस२. चूक. लोखंडाच्या अणूतून आधी ४एस चे दोन्ही जातात आणि उरतं ३डी६. बाणांची आकृती अणूत इलेक्ट्रॉन भरताना कामाची आहे, काढताना नाही, पण आकृतीखाली हे एक वाक्य कोणी लिहितं का? तुमच्याही चौकटीत नव्हतं.

आपले भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांचं नाव या धड्यात कुठेच येत नाही हेही जाता जाता सांगते. त्यांनी १९२० साली सूर्याच्या वातावरणातल्या आयनीभवनावर जे समीकरण मांडलं ते याच आकड्यांवर उभं आहे. सूर्यावर हायड्रोजन प्रचंड, तरी सूर्यप्रकाशाच्या वर्णपटात एकदम ठळक दोन काळ्या रेषा आहेत त्या कॅल्शियमच्या, आणि त्याही एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या कॅल्शियमच्या, कारण कॅल्शियमचा पहिला ५९० मध्ये निघतो आणि हायड्रोजनला १३१२ लागतात, तेवढ्या तापमानाला कॅल्शियम आयन होऊन बसतं आणि हायड्रोजन बहुतेक आहे तसाच. दोन आकड्यांवरून थेट सूर्यावर जाता येतं, आणि आपण पोरांना सांगतो अपवाद पाठ करा. गांधीसागरजवळच्या रमण विज्ञान केंद्रात एवढ्या भिंती आहेत, एकीवर सोडियमचे हे अकरा ठिपके खऱ्या उंचीने लावले तर सहलीला आलेली पोरं त्याच्या बाजूला उभी राहून फोटो तरी काढतील.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की पुढच्या वेळी जागा असेल तर ट्रिक्सच्या ऐवजी सोडियमची पूर्ण ओळ छापा, अकराही आकडे, किलोज्यूल प्रति मोल असं स्पष्ट लिहून, आणि खाली फक्त "वजाबाकी करा, भागाकार करा, गट पाडा" एवढंच. दहावी मराठीतून करून अकरावीला आलेल्या पोरांनाही ते जमतं, आकड्यांना मीडियम नसतं. आणि कोडं द्यायचं असेल तर ही ओळ द्या, नाव न देता: ७८७, १५७७, ३२३२, ४३५६, १६०९१. ग्रुप कोणता, कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये थर बदलला आणि कुठे नुसता कप्पा, हे तिन्ही विचारा. कृपा करून उत्तर त्याच पानावर खाली उलटं छापू नका, पोरं आधी पेपर उलटा करतात. पुढच्या आठवड्यात छापा.

आपली,
केमिस्ट्रीच्या ट्यूशन घेणारी एक वाचक,
मानेवाडा, नागपूर